वऱ्हाडातील मावा आणि निंबोळी अर्क : परंपरेच्या दाव्याची चिकित्सा

वाशीम जिल्ह्यात कपाशी, करडई यांसारख्या पिकांवर मावा पडला असता पाच टक्के निंबोळी अर्क फवारण्याचा सल्ला दिला जातो, आणि हा उपाय पूर्वापार चालत आल्याचेही सर्रास सांगितले जाते. या समजुतीची कालक्रमाने छाननी होणे अगत्याचे आहे.

धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत खरोखरच जुनी आहे. परंतु साठविलेले धान्य राखणे आणि उभ्या पिकावर अर्क फवारणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरीस पंप हवा, तसेच प्रमाणाचे मोजमापही हवे. आणि हे मोजमाप अर्वाचीन आहे. १९६२ साली दिल्लीकडे टोळधाड आली, तेव्हा भारतीय कृषि अनुसंधान संस्थेतील एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचे मिश्रण पिकांवर फवारले. टोळांनी ती पिके खाल्ली नाहीत. १९६८ मध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे केले. अकोल्याचे कृषि विद्यापीठ स्थापन झाले ते १९६९ साली. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होते व १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाले.

माव्यावरील वनस्पतिजन्य फवाऱ्याचा याहून जुना दाखला तंबाखूचा आहे, आणि तो फ्रान्समधील, १७६३ चा. तंबाखूतील निकोटिन १८२८ मध्ये जर्मनीत वेगळे करण्यात आले. ते मज्जासंस्थेवर आघात करीत असल्याने मावा तत्काळ मरतो. तथापि मनुष्यासही ते जहाल विष होय. निकोटिन सल्फेटच्या वापरास भारतात १९९२ साली बंदी घालण्यात आली. निंबोळीचे कार्य याहून निराळे आहे. ती पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडविते. प्रौढ मावा मात्र लगेच मरत नाही, आणि अर्काचा प्रभाव उन्हात लवकर ओसरतो. माव्याची मादी नरावाचून पिल्ले घालीत असल्यामुळे फवारणीस विलंब झाल्यास अर्क अपुरा पडतो.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतील विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यानंतर वनस्पतिजन्य उपायांकडे ओढा वाढावा हे स्वाभाविकच होय. परंतु 'वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक' आणि 'जुने म्हणून गुणकारी' ही दोन्ही अनुमाने इतिहासास मान्य नाहीत. निंबोळीची योग्यता तिच्या प्राचीनतेवर नव्हे, तर प्रयोगांती सिद्ध झालेल्या गुणांवर व मर्यादांवर अधिष्ठित आहे.