गारव्याच्या फितीवर तात्यांचा आवाज

माझ्याकडची 'गारवा'ची कॅसेट दुकानातली नाही. मित्राची अस्सल कॅसेट त्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये लावली, समोर आमचा टेपरेकॉर्डर ठेवला, कोरी कॅसेट घालून प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबली. घरात सगळ्यांना दम भरला होता, कोणी बोलायचं नाही. पण पडवीच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला आणि पहिली कविता अर्धी होते न होते तोच आतून आमचे तात्या म्हणाले, "कोण बोलायलाय रे? गाणं कव्हा लागतंय?"

ते सगळं फितीवर उमटलं. तेव्हा मी चिडलो होतो. आता त्या एका वाक्यासाठी कॅसेट काढतो.

'गारवा' आला १९९८ साली. कविता सौमित्र यांच्या, चाली आणि गळा मिलिंद इंगळे यांचा. हिंदीत तेव्हा लकी अलींचा 'सुनो', सिल्क रूटचा 'बूंदें' गाजत होते. मराठीत मात्र सिनेमाचं नाही, नाटकाचं नाही, भक्तीचं नाही, फक्त कॉलेजातल्या वयाचं, गिटारच्या अंगानं जाणारं गाणं आम्हाला पहिल्यांदाच असं सापडलं. आधी कविता बोलायची, मग गाणं यायचं. पाऊस एकाला हवा, दुसऱ्याला नको, यावरून दोघांत धुसफूस. आमच्याकडे पाऊस म्हणजे मृग बरसला का, कापूस लावावा का. पावसावरून प्रेमात भांडता येतं हे आम्हाला त्या कॅसेटनं कळलं. आजही मला तो अल्बम मराठीतला त्या पिढीचा सगळ्यात खरा आवाज वाटतो.

रेकॉर्डिंग संपल्यावर तात्या बाहेर येऊन बसले. "रेडिओवरचा निवेदक असाच बोलायचा, गाण्याच्या आधी. माणसाला तयार करून घ्यायचा," म्हणाले. मग त्यांच्या आठवणी निघाल्या.

आमची परभणी त्यांच्या लहानपणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादहून डेक्कन रेडिओ लागायचा, मुख्यतः उर्दूत. गावात रेडिओ एकाच वाड्यात. बॅटरीवरचा. १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी निजामानं शरणागती रेडिओवरूनच जाहीर केली, तेव्हा त्या वाड्याच्या अंगणात आठ-नऊ वर्षांचे तात्या मोठ्या माणसांच्या पायांत उभे होते. त्यांना शब्द कळले नाहीत. कोणीतरी टोपी उडवली आणि ती पुन्हा सापडली नाही, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. १९५० साली डेक्कन रेडिओ आकाशवाणीत विलीन झाला. पुण्याहून १९५५ साली 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा परभणी अजून हैदराबाद राज्यातच होती. खरखरीतून एखादी ओळ कानावर पडली तर पडली, असं तात्या सांगत.

मग १९६८ साली परभणीतच आकाशवाणीचं केंद्र आलं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्या गावाला स्वतःचा आवाज मिळाला. बाजारभाव, पीकपाण्याचा सल्ला, ओव्या, भारुडं, आणि आपल्याच बोलीतली माणसं. तात्या हे सांगताना हात जोडल्यासारखे करत. तिथल्या 'युववाणी' या तरुणांच्या कार्यक्रमात पुढे कॉलेजची पोरं कविता वाचायला लागली. आमच्या वर्गातला एकजण वाचून आला तेव्हा चहाच्या टपरीवर आम्ही तासभर त्याच्याभोवती होतो. आमचा कॉलेज रेडिओ तोच. अमेरिकेत मेम्फिसच्या बिग स्टार या बँडचा १९७२ चा पहिला अल्बम दुकानांत धड पोचलाच नाही. कॉलेज रेडिओवर वाढलेल्या पुढच्या वादकांनी त्याचं नाव लावून धरलं. ही गोष्ट मी फार उशिरा वाचली. दुकानाबाहेरूनही गाणं हातोहात पोचतं, हे वाचून मला एकदम आमचे दोन टेपरेकॉर्डर आठवले, समोरासमोर ठेवलेले.

'गारवा'त कविता बोलणारा तो आवाज सौमित्र म्हणजेच किशोर कदम यांचा. २०१४ साली 'फँड्री' हा सिनेमा बघताना त्यांनी साकारलेल्या कचरूच्या तोंडून तो ऐकला आणि थिएटरात मी डोळे मिटले. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईल असं वाटलं.

तात्या आता नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंही टेप केलेला नाही. मागच्या वर्षी कॅसेट लावली तर फीत रोलरमध्ये गुरफटली. पेन्सिल घालून चक्री फिरवत ती परत गुंडाळली. दोन ठिकाणी चुरगळली होती, पण तात्यांचं वाक्य शाबूत निघालं. त्याच दिवशी त्याची प्रत करून घेतली.

तुमच्याकडे घरी टेप केलेल्या कॅसेटी असतील, 'युववाणी'च्या, लग्नातल्या, आजीच्या ओव्यांच्या, तर या महिन्यातच त्यांच्या प्रती करून घ्या. फितीवरचा थर सुटत जातो आणि चालू टेपरेकॉर्डर आता सहजी मिळत नाही.