रेघ मारायच्या आधी

मीरा, भाईंदर आणि घोडबंदर या तीन गावांच्या जमिनींबाबत १८७० साली एक करार झाला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखायचे आणि त्या बदल्यात पिकात वाटा घ्यायचा, असे हक्क इंग्रज सरकारनं रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिले. मुदत ९९९ वर्षांची. पुढे १९४५ मध्ये ते हक्क एका खासगी कंपनीकडे गेले. त्यावरून उठलेला वाद कोर्टकचेऱ्यांत फिरला, विधानसभेतही गाजला. करार कागदावर संपायला २८६९ साल उजाडावं लागेल. हे साल कुणीतरी हिशेब करून आमच्या आजाला सांगितलं, तेव्हा तो बिडी विझवत म्हणाला होता, "तवर दर्या थांबंल का?"

आजाच्या बोलण्यात कागद क्वचितच यायचा, बांध मात्र रोज यायचा. भात कापून झालं आणि खाजणातला चिखल जरा आवळला की घरटी एक माणूस बांधावर. कुणाच्या शेताला किती पाणी लागतं, कुणाच्या घरात कर्ता पुरुष नाही, कुणाला यंदा सूट द्यायची, हे गावकीत बसून ठरायचं. बांधाला जागोजागी उघाड्या असत. ओहोटीला उघाडी उघडायची की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती लागली की तीच बंद करायची. साधं काम वाटतं, पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच रात्री आले तर उघाडी उघडताही येत नाही आणि झाकून निभावतही नाही. अशा एका श्रावणात बांधाला खांड गेली आणि अर्धं गाव कंदील घेऊन धावलं, ही गोष्ट आजानं इतक्यांदा सांगितली की त्यातल्या प्रत्येक माणसाची जागा मला पाठ झाली होती. कराराप्रमाणे बांध ज्यानं राखायचा तो त्या रात्री कुठे होता, असं विचारलं की आजा नुसता हसायचा.

ही रीत एकट्या आमच्या गावची नव्हे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तिला जोळ म्हणत. ज्यांची शेतं एका बांधाआड, त्यांनी मिळून तो बांध राखायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई प्रांतानं खारजमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्रानं नवा केला. बांध सरकारी योजनेत आले. ते आवश्यकही होतं, कारण सगळ्या खाडीला पुरेल एवढी माती गावाच्या पाट्यांत मावत नव्हती. पण देखभाल खात्याकडे गेली तशी पाण्याची माहितीही गावातून हळूहळू गेली. उघाडी कधी उघडायची हे ज्याला कळतं, त्याला कुणी विचारेना.

शेताच्या पलीकडे आणखी एक जमीन होती, जी कुणाच्याच नावावर नव्हती आणि सगळ्यांची होती. गुरचरण, तळ्याचा काठ, मसणवट, होळीचं मैदान, मिठागरांकडे जाणारी पायवाट. सातबाऱ्यावर ती 'सरकार' म्हणून लागे. आजीच्या लेखी तो सरकार म्हणजे गावच. तळ्यात म्हशी कोणत्या बाजूनं उतरवायच्या आणि बायकांनी कोणत्या बाजूला धुणं धुवायचं, याचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, आणि तो मोडणाऱ्याची गय होत नसे.

१९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९० मध्ये उत्तनच्या बाजूची गावंही तिच्यात आली. २००२ मध्ये महानगरपालिका झाली. लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेदोन लाख होती, २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली. या बदलात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही संपली. गुरचरणावर काय व्हावं हे उभं राहून विचारायची जी एक कायदेशीर जागा होती, ती गेली. तिच्या जागी आला विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. पहिला आराखडा १९९७ मध्ये मंजूर झाला; सुधारित आराखड्याचं प्रारूप २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस आलं.

त्या नकाशाची प्रत आमच्या ओटीवर पसरली तेव्हा काका चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. नकाशात रंग होते: हिरवा, पिवळा, निळा. काकांच्या डोक्यात होतं ते पाणी. या बाजूनं भरती चढते, इथे नळा होता तो बुजवला, म्हणून पलीकडच्या सोसायटीत गुडघाभर साचतं. हे हरकतीच्या अर्जात लिहायचं कसं? अर्जाला लागतो सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक. पाणी नंबर पाहून फिरत नाही. शेवटी आम्ही नंबर शोधले आणि काकांचं म्हणणं चार ओळींत बसवलं. त्या चार ओळींत साठ वर्षांचे पावसाळे होते.

उत्तनची मासळीवाली मावशी वेगळ्या बाजूनं तेच सांगायची. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात. कुठली वलांडी कुणाची, हे सगळा कोळीवाडा जाणतो. जमिनीचा उतारा मात्र कुणाकडे नाही. समुद्रातसुद्धा डोलीची जाळी बांधायच्या जागा, म्हणजे कवी, ठरलेल्या असतात, आणि त्यांच्या हद्दीवरून उत्तन-वसईचे आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं निदान एवढं मान्य केलं की किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागाही, दाखवल्या पाहिजेत. पण दाखवणार कोण? नकाशा उपग्रहावरून काढला तर बोंबील वाळण्याच्या दिवसांबाहेर वलांडीची जागा मोकळी वाळू दिसते. आणि मोकळ्या वाळूवर कुणाचीही नजर जाते.

अशी नजर शहरात येणाऱ्या मेट्रो ९ च्या कारशेडच्या वेळी उघड दिसली. कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा भागात होणार होतं. तिथे घरं आणि शेतं, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेली माणसं उभी राहिली. विरोध झाला, जागा बदलली, कारशेडसाठी डोंगरी ठरली. डोंगरीची जमीन बहुतांशी सरकारी. तिच्यावर हरकत घेणारा खातेदार नाही, होती ती झाडं. २०२५ च्या मार्चमध्ये बारा हजारांहून अधिक झाडं तोडण्याची सूचना निघाली, तेव्हा हरकतींचा पाऊस पडला, आणि त्या लिहिणाऱ्यांत गावकऱ्यांइतकेच मिरारोडच्या टॉवरमधले लोक होते. मेट्रो त्यांनाही हवी आहे. दहिसरला लोकलमध्ये चिरडून जाणाऱ्याला ती नको कशी असेल? पण सार्वजनिक जमीन म्हणजे बिनविरोध जमीन, हे गणित त्यांनाही पटलं नाही.

इथेच मला आजाच्या गोष्टींशी थोडं भांडावंसं वाटतं. त्याच्या गावकीत बाई बसत नव्हती. काशी-चेण्याकडच्या आदिवासी पाड्यांना बोलावणं जात नसे, जरी डोंगरातून येणारं पाणी आधी त्यांच्या दारावरून यायचं. मिठागरात राबायला आलेल्या परगावच्या मजुराला मत नव्हतं. जुनी व्यवस्था परत आणू म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं. शिवाय आज ज्या लाखो लोकांना बाग, दवाखाना आणि स्मशान हवं आहे, त्यांतले कितीतरी बुजवलेल्या खारावरच राहतात. २६ जुलै २००५ च्या पावसात पाण्यानं मूळ गावकरी आणि नवे रहिवासी असा भेद केला नाही.

म्हणून सार्वजनिक जमिनीचं काय करायचं हे विचारायचं कुणाला, याचं उत्तर 'सगळ्यांना' हेच आहे. खरा वाद आहे तो कधी विचारायचं याचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे आधी अभ्यासगट बसतात, मग ग्रामसभा ठरवते, आणि ठराव सर्वसहमतीचा असतो. बांबू कुठला तोडायचा हे तोडण्याआधी ठरतं. शहरासाठीही महाराष्ट्रानं २००९ मध्येच महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आहे: प्रभागातल्या एकेका भागाच्या मतदारांची सभा, आपल्या भागातल्या गरजा सुचवायचा हक्क. कायदा पुस्तकात आहे. सभा भरताना मात्र दिसत नाही.

ती भरवावी. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नव्हे, नकाशाची पहिली रेघ मारायच्या आधी. प्रत्येक प्रभागानं आपल्या सरकारी जमिनींची यादी भिंतीवर लावावी: गुरचरण, तळं, खाजण, सुकवणीची जागा, मसणवट. नगररचनाकारानं उधाणाच्या दिवशी बूट काढून काकांसारख्या माणसाबरोबर त्या जमिनींवरून एकदा चालावं. सोबत उत्तनची मावशी असावी, चेण्याच्या पाड्यावरची बाई असावी, तळमजल्यात पाणी शिरणाऱ्या सोसायटीचा सेक्रेटरीही असावा. चौघांचं एकमत होणार नाही. तळ्याच्या काठी एकाला बाग हवी असेल, दुसऱ्याला म्हशींची वाट. ते भांडण रेघेआधी झालं तर त्याला नियोजन म्हणता येईल. रेघेनंतर झालं तर ती हरकत ठरते, आणि हरकतीला तीसच दिवस असतात.