मसाई मारा : तंबूनिवास

केनियाच्या नैर्ऋत्येस, टांझानियाच्या सीमेलगतच्या गवताळ प्रदेशात वन्यजीव पाहायला येणाऱ्यांसाठी उभारलेले आलिशान तंबूंचे कॅम्प. नदीकाठी किंवा झाडीच्या कडेला विखुरलेले मोजके तंबू आणि मध्यावर जेवणाचा मोठा तंबू, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. बहुतेक कॅम्पांना कुंपण नसते. इथल्या मुक्कामाचे सारे वेगळेपण त्यातच आहे.

या राहणीचे मूळ शिकारीत आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९०९-१० च्या पूर्व आफ्रिकेतील मोहिमेत तंबू, पुस्तके आणि कातडी टिकवण्याचे मीठ वाहायला शेकडो हमाल होते. १९७२ मध्ये मारा नदीकाठी गव्हर्नर्स कॅम्प सुरू झाला. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली आणि कॅम्पांचा व्यवसाय फक्त प्राणी पाहायला येणाऱ्यांवर चालू लागला.

जाड कॅनव्हासचा तंबू लाकडी किंवा दगडी चौथऱ्यावर उभा असतो. आत पलंग, मागे न्हाणीघर. काही कॅम्पांत पाणी बाहेर तापवून, पाहुणा सांगेल त्या वेळी वर टांगलेल्या बादलीत ओततात. बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणाऱ्या मराठी माणसाला हे मुळीच जड जात नाही. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर असल्याने पहाटे चांगलीच थंडी असते. म्हणून अनेक ठिकाणी रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात. उजाडण्यापूर्वी चहा-कॉफी घेऊन हाक मारायला माणूस येतो, की जीप निघालीच.

खरा अनुभव रात्रीचा. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचे नाही, हा नियम कडक असतो. जेवायला नेण्या-आणण्यासाठी अस्कारी, म्हणजे रखवालदार, विजेरी घेऊन येतो. पाणघोडे नदीतून वर येऊन तंबूंमधले गवत खातात; रुंद ओठांनी गवत खुडल्याचा आवाज कापडापलीकडून स्पष्ट ऐकू येतो. तरसाची हाक खालच्या सुरात निघून शेवटी उंच चढते. सिंहाची गर्जना शांत रात्री ८ किलोमीटरपर्यंत पोचते, त्यामुळे ती ऐकू आली म्हणजे सिंह दाराशीच आहे असे नव्हे. तंबूची चेन नीट लावून आत थांबलेल्या माणसाच्या वाटेला प्राणी सहसा जात नाहीत. दिवसा मात्र बबून आणि माकडे उघडी चेन अचूक हेरतात. फळे-बिस्किटे तंबूत ठेवू नयेत.

जुलै ते ऑक्टोबर हा विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या प्राण्यांच्या कळपांच्या स्थलांतराचा, आणि म्हणून गर्दीचा व चढ्या दरांचा काळ. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटणाऱ्या छोट्या विमानांत साधारण १५ किलो सामान चालते, तेही मऊ बॅगेत. भारतात परतताना पीतज्वर लसीचा दाखला लागतो. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी.

सुमारे १,५१० चौ. किमी.च्या राखीव क्षेत्राबाहेर नाबोइशो, ओलारे मोतोरोगी यांसारखी संवर्धनक्षेत्रे आहेत. तिथली जमीन गुरे पाळणाऱ्या स्थानिक मसाई कुटुंबांच्या मालकीची असून कॅम्पचालक तिचे ठरलेले भाडे देतात. तंबूंची संख्या आणि एका प्राण्याभोवती थांबणाऱ्या गाड्या यांवर मर्यादा असते. राखीव क्षेत्रात मनाई असलेली पायी भटकंती व रात्रीची फेरीही इथे करता येते. राखीव क्षेत्रात हंगामात विल्डबीस्ट नदी ओलांडताना पात्राशी गाड्यांची जी झुंबड उडते, ती पाहता संवर्धनक्षेत्रात राहणेच अधिक चांगले. गुरे चारण्यावरच्या निर्बंधांबद्दल मसाईंची नाराजी असते आणि ती रास्त आहे. तरीही भाडे मिळत राहिले तरच जमीन कुंपण न पडता मोकळी राहण्याची शक्यता टिकते. एवढे पैसे मोजणाऱ्याने आरक्षणापूर्वी कॅम्प कोणाच्या जमिनीवर आहे आणि त्या कुटुंबांना भाडे किती व कसे पोचते, हे जरूर विचारावे.