नावांच्या गोष्टी सांगणारी क्विझ

भारतात जाहीर क्विझचा पायंडा पाडला तो नील ओब्रायन यांनी, १९६७ साली कोलकात्यात. पाच वर्षांनी, १९७२मध्ये, शाळकरी मुलांसाठी ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ सुरू झाली. आधी गावोगावी प्रत्यक्ष स्पर्धा, मग रेडिओ. तिथे हमीद सयानी प्रश्न विचारत. १९७५ साली ते गेले आणि धाकट्या भावाने, अमीन सयानींनी, माइक हाती घेतला. नव्वदच्या दशकात ती झी टीव्हीवर आली, तेव्हा सूत्रधार होते नीलसाहेबांचेच चिरंजीव डेरेक. पुढे सोनी, आणि खंडानंतर २०११मध्ये कलर्स. वाहिन्यांची ही यादी इथेच पुरे.

खरी मौज प्रश्नांत होती, त्यातही नावांच्या प्रश्नांत. कार्यक्रम इंग्रजी; मराठी माध्यमातल्या मुलांच्या डोक्यावरून निम्मं जायचं. पण नाव सगळ्या भाषांत तेच असतं, म्हणून ते पकडता यायचं. क्विझच्या जगात असे प्रश्न हुकमी. अमूल म्हणजे आणंद मिल्क युनियन लिमिटेड. आदिदासमध्ये आदी डासलर हा माणूस लपलेला. ‘बॉयकॉट’ हे आयर्लंडमधल्या एका कॅप्टनचं आडनाव. १८८० साली कुळांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला. आणि आईच्या टेबलावरचं लॅक्मे? देलिबच्या फ्रेंच ऑपेरातली नायिका, म्हणजे आपली लक्ष्मीच, पॅरिसला जाऊन आलेली! पाठ्यपुस्तकाला जे कधी सुचलं नाही ते या प्रश्नांनी केलं : दुकानातल्या फळीवरच्या वस्तूंनाही इतिहास असतो, हे मुलांना कळलं.

खुद्द प्रायोजकाचं नावही याच पठडीतलं. बर्मिंगहॅमजवळ बोर्न नावाचा ओढा. १८७९मध्ये कॅडबरी बंधूंनी आपला कारखाना शहरातून तिकडे हलवला आणि ओढ्याच्या नावाला फ्रेंच ‘व्हिल’ जोडून बोर्नव्हिल केलं. फ्रेंच चॉकलेटचा तेव्हा दबदबा होता ना! त्या गावावरून पेयाचं नाव आलं, पेयावरून स्पर्धेचं.

एक खोट मात्र सांगायलाच हवी. दोन वाक्यांत मावणारी गोष्ट लगेच पाठ होते, मग ती खरी असो वा नसो. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, हे आजही कुणी तरी छातीठोकपणे सांगतं; प्रत्यक्षात तो ‘नवं’ या साध्या विशेषणापासून झालेला शब्द. ‘क्विझ’चीही तीच गत. डब्लिनच्या डेली नावाच्या नाटकवाल्याने पैज मारून एका रात्रीत हा निरर्थक शब्द भिंतींवर लिहवून घेतला, असा किस्सा आहे. साल सांगतात १७९१. पण हा शब्द त्याआधीच, १७८०च्या दशकात, लिखाणात भेटतो. तो मुळात आला कुठून, हे कोशकारांनाही ठरवता आलेलं नाही. तरी डेलीचा किस्सा क्विझवाल्यांत मजेत फिरतोय, कारण ‘उगम अज्ञात’ या उत्तराला दहा गुण कोण देणार?