ओटींतील दुखणें

मराठी भाषेनें पोटाच्या खालच्या भागास ओटीपोट हें नांव दिलें आहे, आणि ज्या पदरांत सुवासिनीला तांदूळ-नारळ घालावयाचे त्यासही ती ओटीच म्हणते. एकाच शब्दांत मांगल्य व शरीर इतकीं जवळ आल्यामुळें कीं काय, गर्भिणीच्या ओटींत दुखूं लागलें असतां तेंही मांगल्याचेंच एक अंग समजून गप्प बसण्याची चाल आमच्या घरांत फार जुनी आहे. बाईमाणसाला एवढें दुखावयाचेंच, असें सासू म्हणते, आणि तिला तिच्या सासूनें तेंच सांगितलेलें असतें. परंतु हें दुखणें एक नव्हे. त्यांतील कोणतें निरुपद्रवी व कोणतें प्राण घेणारें, हें निवडण्यास मनुष्यजातीस कित्येक शतकें लागलीं. त्या निवडीचा इतिहास आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

आमच्याकडील जुना विचार सुश्रुतसंहितेंत सांपडतो. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो स्राव, पांचव्या-सहाव्यांत गेला तर पात, असा भेद तींत केला आहे. कीड, वारा किंवा आघात यांमुळें फळ जसें अकालीं गळून पडतें तसा गर्भ पडतो, असा दृष्टांतही आहे. कारणें म्हणून वाहनांतील प्रवास, फार चालणें, अडखळणें, पडणें, उपवास, अजीर्ण, मलमूत्राचा वेग आवरणें इत्यादि गोष्टी सांगितल्या आहेत. निरीक्षण सूक्ष्म आहे, यांत शंका नाहीं. तथापि ही यादी बहुतेक स्त्रीच्या वागण्याचीच असल्यामुळें, गर्भ गेला कीं सून कोठें धांवली, काय खाल्लें, याचीच चौकशी घरोघर होत राहिली. आरंभींच्या महिन्यांतील सुमारें निम्मे गर्भपात गर्भाच्याच रंगसूत्रांतील दोषामुळें होतात, हें आतां ठाऊक झालें आहे. सुश्रुताच्या दृष्टांतांतील फळांतली कीड या सत्याच्या अधिक जवळ होती; पण लोकांनीं आघात तेवढा उचलला.

युरोपांतही निवड सावकाशच झाली. इंग्लंडांतील नॉर्विच येथील एडवर्ड रिग्बी यानें १७७५ सालीं, उत्तर महिन्यांतील रक्तस्राव दोन प्रकारचा असतो, हें दाखविलें. वार गर्भाशयाच्या मुखावर बसलेली असेल तर रक्त बहुधा न दुखतां जातें. योग्य जागीं बसलेली वार वेळेपूर्वीं सुटली तर मात्र पोट लांकडासारखें कठीण होऊन सारखें दुखत राहतें. लंडनच्या ब्रॅक्स्टन हिक्सनें १८७२ सालीं निराळीच गोष्ट सांगितली. गर्भाशय गरोदरपणांत अधूनमधून आपोआप आंवळतें व सैल पडतें, आणि त्यांत भय नाहीं. कित्येक घरांतील अर्ध्या रात्रीची धांवपळ या एका शोधानें वांचावी!

पण सर्वांत दारुण प्रकार गर्भाशयाबाहेरील गर्भाचा होय. त्याची जाण दहाव्या शतकांतील अंदलुसी शस्त्रवैद्य अल्-झहरावी यास होती, इतकी ती जुनी आहे. बीज गर्भाशयांत न उतरतां बीजवाहिनी नळींतच रुजतें व तेथेंच वाढूं लागतें. नळी ताणते आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास फुटते. बहुधा एका बाजूस तीव्र कळ येते, घेरी येते, क्वचित् खांदाही दुखतो. बाहेर रक्त थोडेंच दिसतें, कारण तें आंत पोटांत सांचत असतें. घरच्यांस वाटावें, पाळी चुकली होती ती आली. आणि इतक्यांत ती स्त्री पांढरी पडत जाते. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यानें १८८३ सालीं फुटलेली नळी काढून टाकून असा प्राण वांचविला. तोंपर्यंत वैद्य बहुधा पाहत बसत.

त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८८६ सालीं, कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेंत फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. चवदाव्या वर्षीं झालेलें स्वतःचें मूल दहा दिवसांत गेलेलें त्यांनीं पाहिलें होतें. १८८७ सालीं त्या स्वतःच गेल्या, आणि तें ज्ञान येथील बायकांस त्यांच्या हातून मिळावयाचें राहिलें.

हें ज्ञान गोंदियाकडील खेड्यांत येतें तेव्हां त्यास तेथील मातीचा हिशेब धरावा लागतो. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा भाताचा आहे. रोवणीच्या दिवसांत बायका चिखलांत तासन्‌तास वांकून पऱ्हे लावतात. वाढत्या गर्भाशयास धरून ठेवणारे बंध ताणल्यानें ओटी दुखावी, हें स्वाभाविकच. परंतु आडोशाअभावीं दिवसभर पाणी न पितां लघवी रोखून धरणारी स्त्री मूत्रमार्गाच्या दाहासही सांपडते. मग ओटींत दुखणें, हुडहुडी, आणि कधीं अकाल प्रसूति! वेग आवरूं नये, हें सुश्रुताचें सांगणें येथें निराळ्या कारणानें खरें ठरतें. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टींत हिंवताप आहेच. त्यानेंही कळा सुरू होऊं शकतात. शिवाय विदर्भाच्या या पूर्व भागांत सिकलसेल आहे. १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी यांनीं मध्य हिंदुस्थानांतील या विकाराचें वृत्त प्रसिद्ध केलें. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक शिरांत अडकून असह्य वेदना करितात; गरोदरपणीं ती वेदना पोटांत उठली तर बाळंतपणाची कळ कीं रक्ताची, हें सुइणीनें कसें ओळखावें?

त्याच १९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनल्डनें ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच आजची सोनोग्राफी. मुलगा कीं मुलगी हें पाहण्यास तिचा दुरुपयोग झाल्यामुळें १९९४ चा कायदा करावा लागला, ही आमच्या समाजाची लाज होय. पण गर्भ नळींत आहे कीं जागेवर, हें दाखविणारें तिच्यासारखें साधन नाहीं. गोंदियास बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे व २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तथापि तेथवर पोंचण्यापूर्वीं घरांतच कांहीं विचारावें लागतें: एकाच बाजूस दुखतें काय, पोट कठीण राहतें काय, रक्त दिसलें काय, घेरी येते काय, लघवीस जळजळतें काय, ताप आहे काय. यांतील एकाचेंही उत्तर होकारार्थी आलें, कीं गाडी त्याच रात्रीं जोडावयाची. रोवणी संपण्याची वाट पाहावयाची नाहीं.