डुलकी लागते की काढली जाते? : एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत रात्रपाळीच्या रखवालदाराविषयी तक्रार आली. इतिवृत्ताच्या कच्च्या मसुद्यात प्रथम लिहिले गेले ते असे: ‘रखवालदार पहाटे डुलक्या काढताना आढळला.’ एका वयोवृद्ध सभासदांनी हरकत घेतली. हा माणूस दिवसा दुसऱ्या इमारतीवर पहारा करून येतो, तेव्हा ‘त्याला डुलकी लागली’ असे लिहा, असा त्यांचा आग्रह. बराच वाद झाला. अखेरीस एजन्सीला पाठवायचे पत्र इंग्रजीत लिहायचे ठरले, आणि त्यात ‘ड्राउझी’ हे विशेषण येताच दोन्ही पक्ष शांत झाले. मराठी क्रियापदाला जो निवाडा टाळता येत नव्हता, तो इंग्रजी विशेषणाने सहज टाळला. प्रस्तुत लेखाचा प्रश्न येथूनच उद्भवतो.

या इंग्रजी शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाहीत असे नव्हे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशापासून (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आणि मोल्सवर्थ-कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशापासून (१८४७) शब्दाला शब्द लावण्याची सवय आपल्याला जडली आहे. पेंग, डुलकी, झापड, गुंगी, सुस्ती, तंद्री असे कितीतरी शब्द हाताशी आहेत. परंतु शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे. खोकल्याच्या औषधाने येते ती गुंगी. व्याख्यानात येते ती पेंग. जेवणानंतर डोळ्यांवर येते ती झापड. यांतील एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवला, तर अवस्था फारशी बदलत नाही. तिचे कारण आणि तिच्याविषयीचे आपले मत बदलते.

इंग्रजीचा इतिहास पाहिला तर तेथेही हे मत स्थिर नव्हते. ‘ड्राउझी’ हा शब्द सोळाव्या शतकापासून आढळतो. त्याचा संबंध बहुधा प्राचीन इंग्रजीतील ‘खाली बसणे, मंदावणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी पोचतो. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात ते क्रियापद माणसासाठी नव्हे, तर खवळून निवणाऱ्या तळ्याच्या पाण्यासाठी आले आहे. दुसरा शब्द ‘सॉम्नोलन्स’. तो लॅटिनमधील ‘सॉम्नुस’वरून आलेला, म्हणजे आपल्या ‘स्वप्न’ शब्दाचा दूरचा भाऊबंद. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन गॉवर या कवीने आपल्या ‘कन्फेसिओ अमांटिस’मध्ये त्याला आळस या महापापाच्या परिवारात बसवले. आज तोच शब्द रुग्णाच्या नोंदीत लिहिला जातो, आणि तेथे त्यात दोषारोप नसतो. पापाचे नाव लक्षणाचे नाव झाले.

आपल्याकडे या अवस्थेचे एक जुने आणि नेमके नाव होते, ‘प्रचला’. ‘चल्’ या धातूवरून आलेल्या या शब्दात बसल्याजागी मान हलण्याचे चित्र आहे. पाली, जैन आणि वैद्यक या तीन परंपरांत हे चित्र आढळते. तिघांचे मत मात्र निरनिराळे.

अंगुत्तरनिकायात बसल्याजागी पेंगणाऱ्या मोग्गल्लानाला बुद्ध एकामागून एक उपाय सांगतात: कान ओढावेत, अंग चोळावे, डोळ्यांना पाणी लावून नक्षत्रांकडे पाहावे, येरझारा घालाव्यात, आणि एवढे करूनही पेंग न गेल्यास उजव्या कुशीवर सरळ निजावे. त्या सुत्ताच्या नावातच हा धातू आहे: पचलायमान. बोरिवलीनजीकच्या कान्हेरीच्या विहारांत भिक्षूंच्या बसण्या-निजण्याचे दगडी ओटे आजही दिसतात. ते पाहताना या उपदेशातील अखेरची सवलत आठवते. पेंग हा ध्यानातील अडथळा खरा, परंतु थकलेल्या देहाला शेवटी आडवे होण्याची मुभा आहे.

उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त प्रचला ही दर्शनावरणीय कर्माची एक प्रकृती ठरते. निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी अशी तेथे झोपेची पाच रूपे मोजली आहेत. श्वेतांबर कर्मग्रंथांनुसार बसता-उभ्याने येते ती प्रचला, चालता चालता येते ती प्रचलाप्रचला. घाटकोपर-मुलुंडच्या उपाश्रयांत कर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांना हे शब्द परके वाटणार नाहीत. येथे झोप हा आजचा अपराध नसून मागच्या कर्माचा उदय आहे.

वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ मात्र निराळेच बोलते. रात्रीचे जागरण रूक्षता आणते, दिवसाची झोप स्निग्धता वाढवते. बसल्याबसल्या घेतलेली डुलकी, म्हणजे ‘आसीनप्रचलायित’, यांपैकी काहीच करत नाही. वैद्याच्या लेखी ती निर्दोष आहे. दुपारच्या बोरिवली लोकलमध्ये खिडकीशी मान टेकलेल्या प्रवाशाची बाजू याहून नेमक्या शब्दांत मांडणे कठीण.

‘तंद्रा’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. सुश्रुताने निद्रेचे मूळ कफ आणि तमात सांगितले, तर तंद्रेत त्यांच्यासह वाताचाही वाटा मानला. इंद्रियांना विषय न कळणे, जडत्व, जांभई ही तिची लक्षणे. मराठीत मात्र ‘तंद्री’ गायकाला लागते, वाचकाला लागते, आणि ती भंगली तर हळहळ वाटते. लक्षण होते ते वैभव झाले. केशवसुतांनी १८९३ मध्ये ‘झपूर्झा’ लिहून मुलींच्या खेळातला शब्द कवीच्या भान हरपण्याला दिला. नेहमीच्या जाणिवेपलीकडील अवस्थेला प्रतिष्ठा देणाऱ्या त्या काव्यदृष्टीत तंद्रीचा हा अर्थ सुखाने नांदला, असे म्हणता येईल. पण ही प्रतिष्ठा कोणाला मिळाली? कवी तंद्रीत असतो. रखवालदार पेंगत असतो. मिटलेले डोळे दोघांचेही तेच.

म्हणून सभेतला वाद केवळ शब्दांचा नव्हता. मराठीत झोप ‘येते’, डुलकी ‘लागते’, आणि जिला ती लागते ती व्यक्ती ‘ला’ प्रत्यय घेऊन अनुभव सोसणारी होते. ठेच लागते, तहान लागते, तशीच. ‘काढली’ म्हणताच तीच व्यक्ती कर्ता होते, आणि कर्त्याला जाब विचारता येतो. अवस्थेला नाव देणारा नेहमीच जागा असतो, आणि क्रियापदाची निवड त्याच्या हाती असते. ‘डुलणे’ या क्रियापदात मुळात निंदा नाही. वाऱ्यावर पीक डुलते, हत्ती डुलत चालतो. निंदा आपण सहायक क्रियापदातून भरतो. इंग्रजी विशेषण गुण व्यक्तीला चिकटवून मोकळे होते. तो गुण बाहेरून आला की आतून, सोळा तासांच्या उभ्या पहाऱ्यातून आला की बेफिकिरीतून, हे त्याला सांगावे लागत नाही. त्या संध्याकाळी ही तटस्थता आम्हाला सोयीची वाटली. पत्र गेले आणि आठवड्याभरात फाटकाशी नवा माणूस उभा राहिला.

हा लेख लिहिताना दोहोंपैकी कोणते क्रियापद अखेर टिकले हे पाहण्यासाठी मी इतिवृत्ताची वही मागवून घेतली. तेथे एवढेच आहे: ‘रखवालदारासंबंधी पत्र पाठवण्यात आले.’