शांता आपटे

शांता आपटे (जन्म : दुधनी, इ.स. १९१६, मृत्यू : मुंबई, २४ फेब्रुवारी, इ.स. १९६४) या मराठी, हिंदी आणि तमिळ चित्रपटांतील गायिका-अभिनेत्री होत्या. 'अमृतमंथन', 'अमरज्योती', 'कुंकू' आणि 'गोपाळकृष्ण' या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांतील भूमिकांसाठी त्या ओळखल्या जातात. इ.स. १९४१मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सावित्री' या तमिळ बोलपटात त्यांनी नायिकेची भूमिका केली. पार्श्वगायन आणि डबिंग सरसकट रूढ होण्यापूर्वीच्या त्या काळात एका मराठी नटीने तमिळ भाषा शिकून, स्वतःच्या आवाजात बोलून व गाऊन केलेली ही भूमिका असल्याने तिचे दोन्ही भाषांच्या चित्रपटेतिहासात वेगळे स्थान आहे.

बालपण आणि संगीतशिक्षण

शांता आपटे यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात असलेल्या दुधनी येथे झाला. दुधनी हे मराठी-कानडी सीमेवरील रेल्वे स्थानकाचे गाव आहे. वडील स्टेशनमास्तर होते व त्यांना गाण्याची आवड होती. शांताबाईंचे संगीताचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले. लहान वयातच पुण्याच्या गणेशोत्सवातील मेळ्यांच्या व गाण्यांच्या कार्यक्रमांमधून त्यांचा आवाज लोकांच्या परिचयाचा झाला. थोरले बंधू बाबूराव आपटे हे त्यांच्या शिक्षणावर आणि पुढे व्यावसायिक व्यवहारांवरही लक्ष ठेवून असत.

इ.स. १९३२मध्ये भालजी पेंढारकर यांनी 'श्यामसुंदर' या बोलपटात त्यांना राधेची भूमिका दिली. कृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक होते. बोलपट येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि पडद्यावर गाता येणारी मुले-मुली निर्मात्यांना हवीच होती.

प्रभात फिल्म कंपनी

कोल्हापुरात इ.स. १९२९मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी इ.स. १९३३मध्ये पुण्याला आली. पुण्यात तयार झालेल्या व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) शांता आपटे यांनी नायकाच्या बहिणीची, सुमित्रेची भूमिका केली. या चित्रपटाला केशवराव भोळे यांचे संगीत होते. त्यापूर्वीचे नट-नट्या कॅमेऱ्यासमोर गाताना बहुधा बैठकीतल्यासारखे स्थिर असत. शांताबाई गाताना डोळे, हात आणि सबंध देह वापरीत. गाणे त्यांच्या अभिनयाचाच भाग होई. ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते, पण तेव्हा ती नवी होती.

'अमरज्योती'मध्ये (१९३६) सौदामिनी या बंडखोर नायिकेच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या, तर शांता आपटे यांनी राजकन्या नंदिनी साकारली. हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्याच वर्षी केशवराव धायबर दिग्दर्शित 'राजपूत रमणी'तही त्यांची भूमिका होती.

त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका 'कुंकू'मधील (१९३७, हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने') नीरेची. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. मामाने फसवून वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली तरुणी हे लग्न मान्यच करीत नाही, असे त्याचे कथानक. केशवराव दाते यांनी वकील काकासाहेबांची, तर शकुंतला परांजपे यांनी त्यांच्या समाजसेविका मुलीची भूमिका केली. चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले व रस्त्यावरचे आवाज यांवरच दृश्ये उभी आहेत. याच चित्रपटात शांताबाईंनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही कविता इंग्रजीत गायिली आहे. परभाषेतील शब्द नेमके उच्चारून ते सुरात बसवण्याची त्यांची तयारी येथेच दिसून येते. पुढील वर्षी दामले-फत्तेलाल यांच्या 'गोपाळकृष्ण'मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या. बाळकृष्ण होते राम मराठे.

उपोषण आणि 'जाऊ मी सिनेमांत?'

इ.स. १९३९मध्ये वेतन आणि करार यांवरून शांता आपटे व प्रभात यांच्यात वाद झाला. शांताबाईंनी स्टुडिओच्या फाटकाशी बसून उपोषण सुरू केले. मासिक पगारावर बांधलेल्या नटीने मालकाच्या दारात उपोषणाला बसणे ही तेव्हा अभूतपूर्व घटना होती आणि वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. काहींनी तिला नखरा म्हटले. प्रत्यक्षात प्रश्न होता तो कंपनीच्या उत्पन्नातला कलावंताचा वाटा किती आणि दुसरीकडे काम करण्याचे त्याचे स्वातंत्र्य किती, हा. स्टुडिओ पद्धतीत नट-नट्या, तंत्रज्ञ आणि रंगारी हे सारेच कंपनीचे नोकर असत व कराराच्या काळात त्यांना बाहेरचे काम घेता येत नसे. या वादानंतर त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

इ.स. १९४०मध्ये त्यांचे 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणींना उद्देशून ते लिहिलेले असले तरी त्याचे स्वरूप आठवणींचे नाही आणि उपदेशाचेही नाही. चित्रपट हा भांडवलावर चालणारा धंदा असून नटी ही त्यात श्रम करणारी कामगारच होय, अशा दृष्टीने त्यात स्टुडिओच्या कामाचा, थकव्याचा आणि मालक-कलावंत संबंधांचा विचार केला आहे. भारतीय चित्रपटातील श्रमांचा अभ्यास करणारे संशोधक अलीकडे या पुस्तकाकडे पुन्हा वळले आहेत.

तमिळ चित्रपट : 'सावित्री'

प्रभातमधून मोकळ्या झाल्यानंतरच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक मद्रास प्रांतातून आले. तमिळ बोलपटांचा आणि महाराष्ट्राचा संबंध तेव्हा नवा नव्हता. तमिळ बोलपटांच्या आरंभीच्या वर्षांत मद्रासमध्ये स्टुडिओंची सोय अपुरी असल्याने तेथील निर्माते मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि कलकत्ता येथे चित्रीकरण करीत. 'सीता कल्याणम्' (१९३४) हा तमिळ चित्रपट तर प्रभातनेच काढला होता आणि त्याचे दिग्दर्शन बाबूराव पेंढारकर यांनी केले होते. मात्र अशा चित्रपटांत पडद्यावरची माणसे तमिळ असत. 'सावित्री'मध्ये प्रथमच प्रभातच्या एका प्रमुख नायिकेने तमिळ नायिका साकारली.

या चित्रपटाचे दिग्दर्शक वाय. व्ही. राव (यारागुडिपाटी वरद राव) हे मूळचे तेलुगू भाषक. त्यांचा 'चिंतामणी' (१९३७) एका चित्रपटगृहात वर्षभर चालला होता आणि त्यामुळे त्यांच्या नावाला दक्षिणेत मोठे वजन होते. 'सावित्री'त सत्यवानाची भूमिका त्यांनी स्वतः केली. नारदाच्या पुरुषवेषात होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. शांता आपटे आणि सुब्बुलक्ष्मी या दोघींचे जन्मवर्ष एकच, १९१६. एक हिंदुस्तानी पद्धतीत तयार झालेली, दुसरी कर्नाटक संगीतात. सुब्बुलक्ष्मी यांनी ही भूमिका स्वीकारण्यामागे एक व्यावहारिक कारण होते. त्यांचे पती टी. सदाशिवम् आणि लेखक 'कल्की' रा. कृष्णमूर्ती यांना नवे साप्ताहिक काढायचे होते व त्यासाठी पैसा हवा होता. 'सावित्री'च्या मानधनातून तो उभा राहिला आणि इ.स. १९४१मध्येच 'कल्की' साप्ताहिक सुरू झाले. तमिळ साहित्याच्या इतिहासात या चित्रपटाचा उल्लेख आजही बहुधा या कारणाने होतो.

शांता आपटे यांच्यापुढील अडचण भाषेची होती. 'नंदकुमार' (१९३८) हा पार्श्वगायन वापरणारा पहिला तमिळ चित्रपट मानला जातो, तरीही इ.स. १९४१मध्ये नायिकेने स्वतः गावे हीच सर्वसाधारण अपेक्षा होती. संवाद तर चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत. तमिळमधील काही व्यंजने, विशेषतः 'ழ' हा जिभेच्या विशिष्ट वळणाने होणारा ध्वनी (मराठीत तो 'ळ' असा लिहिला जात असला तरी त्याचा उच्चार निराळा आहे), मराठी भाषकाला सहज साधत नाहीत. शिवाय तमिळ लिपीत क-ग, त-द, प-ब यांसाठी एकच अक्षर असल्याने केवळ अक्षरावरून उच्चार नेहमीच ठरवता येत नाही.  शांताबाईंनी तमिळ शिकून घेतली आणि संवाद व गाणी दोन्ही स्वतःच सादर केली.

कथा महाभारताच्या वनपर्वातील. महाराष्ट्रात वटपौर्णिमेमुळे ती घरोघरी परिचित आहे, तर तमिळ घरांत मासी महिना संपून पंगुनी लागताना, म्हणजे मार्चच्या मध्यास, केल्या जाणाऱ्या 'कारडैयान् नोन्बु' या व्रताशी ती जोडलेली आहे. त्यामुळे मराठी नटीची सावित्री तमिळ प्रेक्षकांना विषयाने तरी परकी नव्हती. चारच वर्षांपूर्वी 'कुंकू'त लादलेला पती नाकारणारी नीरा रंगवलेल्या अभिनेत्रीला येथे यमाच्या मागे जाणारी पतिव्रता उभी करायची होती, हा विरोधाभास लक्षणीय आहे. अर्थात सावित्रीही स्वतःचा वर स्वतः निवडते आणि यमाला वादात हरवते, हे विसरता येत नाही. हिंदी-मराठी चित्रपटांतील कामे सुरूच असल्याने तमिळमध्ये त्यांनी पुढे कारकीर्द उभारली नाही.

उत्तरकाल

इ.स. १९४०च्या दशकात शांता आपटे यांनी निरनिराळ्या शहरांतील संस्थांसाठी कामे केली. लाहोरच्या पांचोली यांचा 'जमीनदार' (१९४२), देवकी बोस यांचा 'अपना घर' (१९४२) आणि नूरजहाँ यांच्यासह 'दुहाई' (१९४३) हे त्यांतील काही चित्रपट. मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा'मध्ये (१९४६) त्यांनी त्या वेळी नवोदित असलेल्या लता मंगेशकर यांच्यासह गायन केले. भालजींच्या 'वाल्मिकी'तही (१९४६) त्यांनी काम केले. पार्श्वगायन स्थिरावत गेले तशी गाणाऱ्या नटीची गरज कमी होत गेली. पुढे त्यांच्या भूमिका विरळ होत गेल्या, तरी इ.स. १९५०च्या दशकातही त्या अधूनमधून मराठी व हिंदी पडद्यावर दिसत. २४ फेब्रुवारी, इ.स. १९६४ रोजी मुंबईत अंधेरी येथे आजारपणानंतर त्यांचे निधन झाले. रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री नयना आपटे या त्यांच्या कन्या होत.

तमिळ चित्रपटांतील नंतरच्या अभिनेत्री

'सावित्री'नंतर अनेक दशकांनी महाराष्ट्रातील अभिनेत्री तमिळ चित्रपटांत नियमितपणे दिसू लागल्या. सोनाली बेंद्रे यांचा 'कादलर दिनम्' (१९९९), रत्नागिरीच्या सदा यांचे 'जयम' (२००३) आणि शंकर दिग्दर्शित 'अन्नियन' (२००५), वेल्लूरमध्ये जन्मलेल्या व पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांचा 'कबाली' (२०१६) आणि अंजली पाटील यांचा 'काला' (२०१८) ही त्याची उदाहरणे होत. यांतील शेवटच्या दोन चित्रपटांचे नायक रजनीकांत हे स्वतः मराठी कुटुंबात जन्मलेले आहेत. या काळात तमिळ न येणाऱ्या नायिकेसाठी डबिंग कलाकाराचा आवाज वापरण्याची पद्धत तमिळ चित्रपटसृष्टीत सर्वमान्य झालेली होती.